राजीखुशी

रथसप्तमीच्या आधीचा शनिवार. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये एका मैत्रिणीकडे हळदीकुंकू होतं. बाहेर रस्त्याच्या कडेला काळवंडलेला बर्फ, आत बेसमेंटमध्ये काळ्या साड्यांची दाटी, गुळाचा आणि भाजलेल्या तिळांचा वास, आणि मधोमध अंगावरचे हलव्याचे दागिने ओढून तोंडात घालणारं कुणाचं तरी बाळ. लेक कॉलेजातून दोन दिवसांसाठी घरी आली होती आणि एका शब्दाने न कुरकुरता माझ्याबरोबर आली, याचंच मला अप्रूप. काळी जीन्स, काळा स्वेटशर्ट, केस मानेवर घट्ट बांधलेले, कान मोकळे, डोळ्यांत काजळ नाही. संक्रांतीचं काळं म्हणून कुणाला काही वावगं वाटलं नाही. मैत्रिणीने तिच्या हातावर तिळाची वडी ठेवली. तिने ती दोन्ही हातांनी घेतली, "गोडच बोलते, मावशी" म्हणाली, वाकून नमस्कार केला, आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून वडी पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून खिशात टाकली. माझं लक्ष होतं. वडी गरम असतानाच ताटाच्या कडेचे तुकडे पळवत आलेली ही मुलगी.

गाडीत विचारलं, तर म्हणाली, "सध्या गोड बंद आहे आमचं." आमचं म्हणजे कुणाचं? "आमच्या लाइनचं. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय." तिला सोरोरिटीचं, म्हणजे कॉलेजातल्या मुलींच्या संघटनेचं, बिड, म्हणजे सदस्य व्हायचं आमंत्रण, आलंय हे मला ठाऊक होतं. लाइन म्हणजे त्या सत्रात बरोबर घेतलेल्या नव्या मुली, हेही तिनेच समजावलं होतं. कानातले न घालणं, काळे कपडे, रात्री अपरात्री वाजणारा फोन, हे सगळं त्या 'प्रोसेस'मधलं. मी विचारलं, कुणी सांगितलं का गोड सोडायला? नाही. कुणी दमात घेतलं? "आई, कुणी बोटसुद्धा लावलेलं नाही गं." मग मी सहज म्हणाले, "आणि एखादीने खाल्लं तर?" ती खिडकीबाहेर बघत राहिली. रूट वनवरचे दोन सिग्नल गेले. मग म्हणाली, "कोण खाईल?"

त्या दोन सिग्नलांच्या मधल्या गप्प बसण्यात मी आजही अडकलेली आहे.

खरं सांगायचं तर बिड आलं तेव्हा मला बरंच वाटलं होतं. आपल्याकडच्या आयांना फ्रॅटर्निटी, म्हणजे मुलांची तशीच संघटना, म्हटलं की बिअरचे लाल कप आणि गच्चीवरून ओरडणारी गोरी मुलं दिसतात. ही तर देशी सोरोरिटी होती. दक्षिण आशियाई मुलांची पहिली फ्रॅटर्निटी १९९४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनला निघाली, मुलींची पहिली सोरोरिटी १९९८ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला. म्हणजे आमच्या आधी इथे आलेल्या लोकांची, एकटी पडलेली मुलंच ती. दिवाळीचा कार्यक्रम, गरबा, घरगुती हिंसाचाराविरुद्ध निधी जमवणं, परीक्षेच्या आधी एकत्र अभ्यास. मावश्या-आत्यांच्या गराड्यात न वाढलेल्या माझ्या एकुलत्या एक मुलीला बहिणी मिळणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आणि त्या मिळाल्यादेखील. हे मला आधीच सांगून टाकायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्या पोटातलं आहे. तिचे आजोबा नाशिकला वारले तेव्हा मी आणि हा रातोरात विमानात बसलो. तिची परीक्षा होती, ती मागे राहिली. तिच्या लाइनमधल्या मुली गाडी काढून आमच्या रिकाम्या घरी आल्या, तिच्याजवळ झोपल्या, यूट्यूबवर बघून वरणभात लावला. परत आल्यावर मला कुकर धुऊन पालथा घातलेला दिसला. त्या मुलींबद्दल माझ्या मनात जे आहे ते शब्दांत मावत नाही.

पण त्या शनिवारी रात्री मी हेझिंगबद्दल वाचत बसले, म्हणजे अशा संघटनांत आत घेण्याआधी नव्या मुलांना जे सोसायला लावतात त्याबद्दल. आपल्याकडे त्याला रॅगिंग म्हणतात.

टिमथी पियाझा न्यू जर्सीचाच, हंटरडन काउंटीतला. पेन स्टेट विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला, वय १९. २ फेब्रुवारी २०१७ ला बीटा थीटा पाय या फ्रॅटर्निटीत त्याचं स्वागत झालं. सरकारी पक्षाच्या म्हणण्याप्रमाणे ८२ मिनिटांत किमान १८ ड्रिंक्स, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे रांगेत. मग तो तळघराच्या जिन्यावरून पडला. त्याला उचलून कोचावर ठेवलं. तो उताणा होऊन उलटीने गुदमरू नये म्हणून पाठीला पुस्तकं भरलेली बॅकपॅक लावली. एका नव्या मुलाने मदत बोलवा म्हटलं, तर त्याला ढकलून गप्प केलं. अँब्युलन्ससाठी फोन गेला तो जवळजवळ १२ तासांनी. तो वाचला नाही. हे सगळं घरातल्या कॅमेऱ्यांत टिपलेलं होतं. ती बॅकपॅक माझ्या मनातून जात नाही. ती लावणाऱ्याला धोका कळत होता. काळजी घ्यायचीही होती. फोन मात्र करायचा नव्हता, कारण फोन केला असता तर जे चाललं होतं त्याला नाव पडलं असतं.

दारू आणि जिना कुठल्याही कायद्याच्या नजरेत भरतो. त्यांच्या आधीचं काय, हा माझा प्रश्न आहे. लुइझियाना स्टेट विद्यापीठात त्याच वर्षी सप्टेंबरात मॅक्स ग्रूव्हरचा जीव गेला. त्या रात्रीच्या कार्यक्रमाला मुलं 'बायबल स्टडी' म्हणत. पोरांना भिंतीशी उभं करून प्रश्न विचारायचे. फ्रॅटर्निटीचा इतिहास सांग, ग्रीक मुळाक्षरं म्हणून दाखव. चुकलं की १९० प्रूफची, म्हणजे जवळजवळ निव्वळ अल्कोहोलची, दारू तोंडाला लावायची. म्हणजे पाठांतराची परीक्षाच, शाळेत असते तशी. आपल्याकडच्या सुना उखाणे पाठ करतात तितकीच निरागस दिसणारी. बाटली त्यात नंतर आली. कॅलिफोर्नियात चिकोला २००५ च्या फेब्रुवारीत तर दारूही नव्हती, नुसतं पाणी होतं. थंडगार तळघर, अंगावर पंखे, व्यायाम, आणि पाण्याचा जग रिकामा करत राहायचा. मॅट कॅरिंग्टन पाण्याने मेला. पुढच्या वर्षी तिथे त्याच्या नावाने कायदा झाला. त्या कायद्यातली हेझिंगची व्याख्या गंभीर शारीरिक इजा होण्याची शक्यता असलेल्या प्रकारांपाशी उभी आहे. मी ती वाचली तेव्हा मनात आलं, पाण्याचा पहिला ग्लास त्या मुलापुढे ठेवला त्या क्षणी कुणाला ती शक्यता दिसली असती? गंभीर इजा दिसू लागते तेव्हा मुलगा जमिनीवर पडलेला असतो.

दुसऱ्या टोकाची व्याख्याही आहे. अनेक फ्रॅटर्निटींनी विम्याच्या आणि जोखमीच्या नियमांसाठी वर्षानुवर्षं वापरलेल्या व्याख्येत शारीरिक किंवा मानसिक अस्वस्थता, लाज, चेष्टा निर्माण करणारी कुठलीही कृती मोडते. मार, दारू, थकवा, चारचौघांत विचित्र कपडे घालायला लावणं, आणि त्याच यादीत खजिन्याचा शोध. मी लेकीला ही यादी दाखवली तर ती हसली. म्हणाली, "आई, हे आम्हाला ओरिएंटेशनला वाचून दाखवतात. ट्रेझर हंट आला की अख्खा हॉल हसतो. त्याच्यापुढचं मग कुणी ऐकत नाही." हा मुद्दा मला सोडून देता येत नाही. जिथे दोन मैत्रिणींनी लपवलेली चिठ्ठी आणि पाठीवर बसलेली लाकडी पॅडल एका वाक्यात येते, तिथे पोरं नियम बनवणाऱ्याला अडाणी ठरवून मोकळी होतात. २००८ मध्ये मेन विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी ५३ संस्थांमधल्या ११ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांना विचारलं होतं. क्लब, संघ, संघटनांमध्ये असलेल्या मुलांपैकी ५५ टक्के कुठल्या ना कुठल्या प्रकारच्या हेझिंगमधून गेलेली. आणि ज्यांच्याबाबतीत व्याख्येत बसणारं काहीतरी घडलं होतं, त्यांच्यातल्या दहातल्या नऊ जणांना आपलं हेझिंग झालंय असं वाटतच नव्हतं. हा आकडा वाचून काही जण म्हणतात, बघा, व्याख्या फार रुंद आहे. मला त्यात रूट वनवरचे ते दोन सिग्नल दिसले.

मी सुद्धा त्या दहातल्या नऊमधलीच असते. नव्वदच्या दशकातलं होस्टेल, गाव आणि कॉलेज राहू दे. पहिल्या महिन्यात आम्ही सगळ्याजणी डोक्याला चपचपीत खोबरेल, दोन वेण्या, लाल रिबिनी, पांढरा सलवार-कमीज. सीनिअर समोर आली की नजर खाली, तिसऱ्या बटणावर. रात्री जेवणानंतर 'इंट्रो' असायचा. एका खोलीत दहाबारा सीनिअर पलंगांवर मांड्या घालून, आणि मधे आम्ही. नाव सांग, गाव सांग, गावात कोण आवडतं ते सांग, टेबलावर चढून लावणी करून दाखव. खोबरेलाचा तो वास उन्हाळ्यात उशीला इतका भिनला होता की अजूनही दुकानात बाटलीचं झाकण उघडलं तर मी सतरा-अठराची होते. आणि ज्या सीनिअरने मला टेबलावर चढवलं, तिनेच मला टायफॉइड झाला तेव्हा तीन रस्ते ओलांडून मोसंबीचा रस आणला, स्वतःच्या नोट्स दिल्या. आमचे आजही फोन होतात. तिच्या मुलाच्या लग्नाला मी गेले नाही म्हणून ती रुसलेली आहे. तो महिना आठवून आम्ही दोघी हसतो. मात्र माझ्या खोलीत तेव्हा सोलापूरकडची एक मुलगी होती. इंट्रोत तिने कधी काही म्हटलं नाही, जे सांगितलं ते केलं. दिवाळीच्या सुट्टीला घरी गेली ती परतलीच नाही. तिचे वडील एकटे येऊन ट्रंक घेऊन गेले. जिना उतरताना ट्रंकेचा कोपरा प्रत्येक पायरीवर आपटत होता. ती का गेली हे कुणी विचारलं नाही. आमच्या हसण्यात ती कधीच नसते.

मी तिकडून निघून आल्यावर, १९९९ मध्ये, महाराष्ट्राने रॅगिंगविरोधी कायदा केला. त्यातली व्याख्या मी पहिल्यांदा वाचली ती या सगळ्या प्रकरणात, इथे, अमेरिकेतल्या घरी बसून. शारीरिक, मानसिक इजा तर आहेच, पण भीती, शरम, ओशाळलेपणसुद्धा त्यात आहे. चिडवणं, थट्टामस्करी आहे. आणि शेवटी एक कलम: विद्यार्थी एरवी स्वखुशीने करणार नाही अशी कुठलीही गोष्ट करायला सांगणं. दोन वर्षांपर्यंत कैद. माझी लावणी, रिबिनी, तिसरं बटण, सगळं त्यात बसतं. इतक्या रुंद व्याख्येनंतरही तिथे मुलं मरायची थांबलेली नाहीत. २००९ मध्ये हिमाचलच्या मेडिकल कॉलेजात अमन काचरूला सीनिअर्सनी मारून टाकलं, त्यानंतर यूजीसीने देशभर नियम केले, हेल्पलाइन काढली, दरवर्षी पालकांकडून शपथपत्र घेतात. तरीही बातम्या येतच राहतात. कागदावर शब्द रुंद केल्याने होस्टेलच्या खोलीचं दार उघडत नाही, हे मान्य. पण त्या व्याख्येने एक गोष्ट केली. माझ्या भाचीला पहिल्याच आठवड्यात ठाऊक होतं की तिला जे सांगितलं जातंय त्याला काहीतरी नाव आहे. आम्हाला त्याला नाव आहे हेच ठाऊक नव्हतं. आम्ही त्याला होस्टेल म्हणायचो.

त्या कलमातला 'स्वखुशीने' मात्र अमेरिकेच्या या जगात जसाच्या तसा चालत नाही. होस्टेलात मला कुणी विचारलं नव्हतं. मी शिकायला गेले होते, आणि झोपायला दुसरी जागा नव्हती. माझी लेक मात्र स्वतः रशला, म्हणजे नव्या सदस्यांच्या निवडीच्या फेऱ्यांना, गेली, मुलाखती दिल्या, बिडची वाट बघत रात्रभर जागली. तिने गोड सोडलं ते स्वखुशीने. इथल्या अनेक राज्यांच्या कायद्यांनी आणि आता केंद्राच्या कायद्यानेही हे ओळखलंय. सहभागी होणाऱ्याची तयारी होती की नाही, याने काही फरक पडत नाही, असं तिथे लिहिलेलं आहे. पहिल्यांदा वाचताना मला ते खटकलं. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीची इच्छा मोजायचीच नाही? मग तिला मत द्यायचा अधिकार कशाला देता?

लेकीनेही मला नेमकं इथेच पकडलं. पुढे एकदा नवरात्रात घरी आलेली असताना म्हणाली, "तू नऊ दिवस उपवास करतेस. अनवाणी चालतेस. आजीकडे होतीस तेव्हा तर पलंगावरही झोपायची नाहीस. हे हेझिंग आहे का?" मी म्हटलं, मोडला उपवास तर मला कुणी काही करणार नाही. ती म्हणाली, "लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मोडला असतास?" मी भगर ढवळत होते. ढवळतच राहिले. पहिल्या वर्षी सासरच्या स्वयंपाकघरात मी एक दाणाही तोंडात टाकला नसता, आणि कुणी दमात घेतलं होतं म्हणून नव्हे. सासूबाई प्रेमळ होत्या. त्यांनी फक्त एकदा सांगितलं होतं की आपल्या घरात सगळ्या करतात. तेवढं पुरलं. आज मी तोच उपवास मनापासून करते, आणि या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पहिल्या वर्षीच्या माझ्या होकाराला खुशी म्हणावं का, हे मला सांगता येत नाही. मी पूर्ण आत नव्हते अजून. दारात उभ्या असलेल्या माणसाचा होकार वेगळा असतो. त्याला आत यायचं असतं, आणि तो त्याच किमतीत होकार देतो.

म्हणून आता मला वाटतं, व्याख्या रुंदच हवी. कायद्याला तयारी मोजायची नसते ती मुलीला अडाणी समजून नव्हे. या सगळ्या प्रकाराचा कच्चा मालच मुळी तिची तयारी असते. पहिल्या आठवड्यात गोड सोडायचं, कारण सोपं आहे. मग फोनला पाच मिनिटांत उत्तर द्यायचं. मग लाइनबाहेरच्या मैत्रिणींशी बोलायचं नाही. एकेका पायरीवर कुणी जबरदस्ती करत नाही, आणि एकेका पायरीवर नाही म्हणणं जास्त महाग होत जातं, कारण आता एकटीचं नुकसान नाही, बरोबरच्या सगळ्यांचं आहे. हा सराव आहे. कशाचा, ते बहुतेक चॅप्टरमध्ये, म्हणजे संघटनेच्या कॉलेजातल्या शाखांमध्ये, कधी कळत नाही, कारण बहुतेक ठिकाणी पुढे काही भयंकर घडत नाही. आणि जिथे घडतं तिथे मुलगा बाटली तोंडाला लावतो तोवर नाही म्हणायची त्याची सवय मोडलेली असते.

एक शब्द मला लेकीकडून कळला. 'पेपर'. कृष्णवर्णीयांच्या आठ जुन्या संघटनांनी १९९० मध्ये एकत्रितपणे प्लेजिंग, म्हणजे सदस्य होण्याआधीची उमेदवारी, अधिकृतरीत्या बंद केलं. अर्ज, मुलाखत, थोडंसं शिक्षण, की झालं सदस्यत्व. हा निर्णय धाडसाचा होता, एका मुलाचा जीव गेल्यानंतर घेतलेला. पण प्रथा कॅम्पसबाहेर, रात्रीत, तळघरांत गेली. आणि जे फक्त अधिकृत मार्गाने आत आले, त्यांना 'पेपर' म्हणायला लागले, म्हणजे कागदापुरता सदस्य. लाइन, स्टेप नावाचा नाच, मुखवटे घालून होणारा प्रोबेट, म्हणजे नव्या सदस्यांना जाहीरपणे पुढे आणण्याचा कार्यक्रम, हे सगळं आपल्या देशी संघटनांनी त्यांच्याकडूनच उचललं, आणि त्याबरोबर हा शब्दही. म्हणजे ज्याचा छळ झाला नाही त्याला कमीपणा. लेकीच्या प्रोबेटला आम्ही गेलो होतो. एप्रिलची थंड संध्याकाळ, विद्यार्थी भवनासमोर गर्दी, एका रांगेत मुली, एकीचा हात दुसरीच्या खांद्यावर, आणि एका दमात सगळ्या संस्थापिकांची नावं. मुखवटा काढल्यावर तिचा चेहरा! मी रडले. माझ्या शेजारची तेलुगू आई रडली. त्या चेहऱ्यावरचा आनंद खोटा होता असं मला कुणी सांगितलं तर मी भांडेन. तो कष्टाने मिळवलेला होता म्हणून इतका मोठा होता, असं मुलगी म्हणते. मला वाटतं, त्या कष्टातला अर्धा भाग काढून टाकला असता तरी तो एवढाच असता. याचा पुरावा माझ्याकडे नाही, तिच्याकडेही नाही.

आपल्या मुलांत असलं काही होत नाही, हे आता कुणी मला सांगू नये. डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या बारूक कॉलेजातला पहिल्या वर्षाचा मुलगा, मायकल डेंग, पाय डेल्टा साय या आशियाई अमेरिकन फ्रॅटर्निटीबरोबर पोकोनोजच्या डोंगरात गेला. भाड्याचं घर, गोठलेलं अंगण. डोळ्यांवर पट्टी, पाठीवर वाळू भरलेली जड बॅकपॅक, आणि समोरून येऊन धडका देणारे 'भाऊ'. त्यात मायकलचा जीव गेला. या खेळाचं नाव होतं ग्लास सीलिंग. आशियाई माणसाला या देशात जे सोसावं लागतं त्याचं प्रतीक म्हणे. हे वाचून मी लॅपटॉप मिटला. आमचे अपमान, आमच्या रात्रपाळ्या, आमचं अडखळतं इंग्रजी, याचं या पोरांनी हे केलं होतं. पुढे कोर्टाने व्यक्तींबरोबर त्या फ्रॅटर्निटीलाच दोषी धरलं, पेनसिल्व्हेनियातून दहा वर्षांसाठी हद्दपार केलं. डोळ्यांवरची पट्टी तर त्याहून किती जुनी. १८७३ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या मॉर्टिमर लेगेटला रात्री पट्टी बांधून बाहेर नेलं होतं, तो घळीत पडून मेला. तेव्हाही त्याच्याबरोबरची मुलं त्याच्या जिवावर उठलेली नव्हती.

रुंद व्याख्या म्हणजे सगळ्यांना एकच शिक्षा, असं मात्र नको. हे मी आग्रहाने म्हणते, कारण इथे विद्यापीठांची चूक होते असं माझं मत आहे. तिळाच्या वडीसाठी चॅप्टर बंद केला तर पुढच्या वर्षी वडीबद्दल कुणी आईलाही सांगणार नाही. पहिल्या पायऱ्यांसाठी बोलणं, थांबवणं, योजना बदलून घेणं. इजा झाली, लपवलं, फोन केला नाही, तिथे तुरुंग. आणि जो फोन करेल त्याला अभय. पेन्सिल्व्हेनियाने पियाझाच्या नावाने २०१८ मध्ये केलेल्या कायद्यात हे अभय आहे, आपल्या न्यू जर्सीनेही त्याच्याच नावाने २०२१ मध्ये कायदा केला. केंद्राचा कायदा २३ डिसेंबर २०२४ ला सह्या होऊन आला. दोन विद्यार्थीसुद्धा असतील तरी ती संघटना, मग तिला विद्यापीठाची मान्यता असो वा नसो. मानसिक इजाही त्यात धरलेली. दोषी ठरलेल्या संघटनांची नावं विद्यापीठाने जाहीर वेबसाइटवर टाकायची. पण त्यातही ओळ अशी आहे की संघटनेत सहभागी होताना येणाऱ्या वाजवी धोक्याच्या वर जे असेल तेच हेझिंग. वाजवी धोका किती, हे ठरवणारं माणूस कोण असणार? मी माझ्या सीनिअरला विचारलं असतं तर तिने टेबलही वाजवी म्हटलं असतं. प्रेमाने म्हटलं असतं. माझ्या आक्षेपाचं मूळ तिथे आहे. आतल्या माणसाला विचारून हे मोजता येत नाही. जिने दिवाळीनंतर यायचं सोडलं तिला विचारायला हवं, आणि ती कुठल्याच अहवालात नसते.

लेक आता शेवटच्या वर्षाला आहे, आणि तिच्या चॅप्टरमध्ये नव्या मुलींचं सगळं तिच्याकडे आलंय. हिवाळ्याच्या सुट्टीत एका रात्री तिने लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर आणून ठेवला. येत्या सत्राची योजना, नॅशनल्सना, म्हणजे संघटनेच्या देशपातळीवरच्या मंडळाला, आणि विद्यापीठाला सोमवारी पाठवायची. म्हणाली, "वाच, पण भाषण नको." मी चष्मा लावून वाचत बसले. कपड्यांचा नियम नव्हता. खाण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. रात्री ११ नंतर कुणी कुणाला मेसेज करायचा नाही. अभ्यासाचे तास होते, सीनिअर्सनीही बसायचे. संस्थापिकांची नावं पाठ करणं होतं, पण विचारायचं एकेकीला, कागद बघितला तरी चालेल. यावर तिची मैत्रिणींशी भांडणं झाली होती हे तिने सांगितलं नाही, पण एक नाव घेताना तिचा आवाज बदलला त्यावरून मला कळलं. या बॅचला सगळे पेपर म्हणणार, एवढंच म्हणाली.

मग आम्ही एका ओळीवर आलो. बिग-लिटल रिव्हील. नव्या मुलीला तिची थोरली बहीण कोण हे त्या रात्री कळतं. डोळ्यांवर पट्टी बांधून खोलीत आणायचं, मागून येऊन मिठी मारायची, पट्टी सोडायची, फुलं, भेटी, रडारड. मी म्हटलं, पट्टी काढ. ती भडकली. "आई, ही सगळ्यात सुंदर रात्र असते. यात कुणाला काय होणार? माझ्या बिगने मला मिठी मारली तेव्हा मी तिला वासावरून ओळखलं होतं." मी म्हटलं, एखादीला अंधाराची भीती असेल. एखादीबरोबर आधी कुठे काही झालेलं असेल, तुला सांगितलेलं नसेल. ती म्हणाली, मग मी आधीच विचारेन सगळ्यांना. ज्यांना नको त्यांनी डोळे नुसते मिटायचे. मी विचारलं, "सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी आणि एकीच्या नाही. तिला बाकीच्या काय म्हणतील?"

ती लगेच काही बोलली नाही. कर्सर त्या ओळीवर लुकलुकत होता. "मग कुणालाच नको," म्हणाली, ओळ खोडली, पुन्हा लिहिली, पुन्हा खोडली. "पण मग मागून कसं येणार गं आम्ही?" मी म्हटलं, पुढून या. ती म्हणाली, पुढून आलं तर ते तसं होत नाही. बाराच्या पुढे कधीतरी मी झोपायला गेले तेव्हा ती फोनवर तिच्या बिगशी याच ओळीवरून वाद घालत होती, आणि योजना अजून पाठवलेली नव्हती.